कबूल

“नाय कबूल,” भावोजी म्हणाले आणि बशीतला चहा फुर्रकन ओढून मोकळे झाले.

“अब और क्या बोलूँ, काळूभाई? सब तो बोल दिया,” इश्तियाक रडकुंडीला येऊन म्हणाला.

“बोललास, पन माझी बाजू लंगडी करून बोललास. विज्ञानाने मानूस चांगला होतो, असं मी कधी बोललो? मी बोललो, विज्ञानाने मानसाला चांगलं व्हायला वेळ मिळतो. पहिलं पोरं पाळण्यात जायची, बायका बाळंतपणात जायच्या. आता मानूस साठी-सत्तरी बघतो. तेवढ्या वेळात त्याला अक्कल येऊ शकते. येतेच असं नाय. येऊ शकते. चल, परत सांग.”

इश्तियाकने कपाळावरचा घाम पुसला आणि परत सांगितलं. या खेपेला वेळेचं आणि अकलेचं दोन्ही नीट सांगितलं. भावोजींनी मान डोलावली. “कबूल. आता तुझी बोल.”

“मेरी सुनो फिर. अक्ल आने में सत्तर साल लगते हैं, बटन दबाने में एक उँगली. पहले जिसको मारना था उसका मुँह देखना पड़ता था. दस में से एक का हाथ काँप जाता था, और उसी एक की वजह से दुनिया बची रही. आज मारनेवाला कहीं एसी में बैठके चाय पीता है. अब किसका हाथ काँपेगा?”

झालं. आता इश्तियाकची ही बाजू भावोजींनी मांडायची, इश्तियाकने कबूल म्हणायचं, आणि मगच भावोजींनी तिला उत्तर द्यायचं. तोवर खारबावच्या दोन शेअर रिक्षा भरून निघून गेल्या होत्या. मी धामणकर नाक्यावर ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कारकून. संध्याकाळी भावोजींबरोबरच गावी परतायचो, म्हणून जगाचं काय होणार हे ठरेपर्यंत मला रोज टपरीवर उभं राहावं लागायचं. मी स्वतः वाद घालत नाही. मला घाई असते.

भावोजी म्हणजे काळूराम टावरे, माझ्या मोठ्या बहिणीचे, पार्वतीचे यजमान. तिला मी बाय म्हणतो. लूमच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. इश्तियाक त्याच कारखान्यात विणकर होता. इथल्या चौऱ्याऐंशीच्या हिंदू-मुसलमान दंगलीनंतर माग पुन्हा सुरू झाले तेव्हा दोघंही विशीतले. एका छपराखाली माणसं कामाला यायची, पण एकमेकांशी बोलायची नाहीत, आणि बोललीच तर ठिणगी उडायची. तेव्हा या दोघांनी आपसांत ठरवलं: समोरच्याची बाजू आधी आपण मांडायची, त्याचं समाधान होईल अशी, त्याने कबूल म्हटलं की मग आपली. शब्द इश्तियाकचा. टपरीवाला चिडवायचा, “तीनदा बोलू नका हां, निकाह लागेल.” या नियमापायी दोघांनी अणुबॉम्ब, कुटुंबनियोजन, चंद्रावरची स्वारी, मोबाइल, कृत्रिम बुद्धिमत्ता अशा सगळ्यांवर वाद घातला. त्यांची दोस्ती तुटली नाही, आणि वादही कधी मिटला नाही.

वाईट इतकंच झालं की भावोजींनी तो नियम घरी नेला.

कुणाल त्यांचा एकुलता एक, माझा भाचा. उंच, हसरा, माझ्या खांद्यावर हात टाकून “मामा, तू वाकलास रे” म्हणणारा. आयटीआयमध्ये फिटरचं शिकला आणि जहाजाच्या इंजिनरूममध्ये नोकरी मिळते म्हणून हटून बसला. बाय म्हणाली, मी पोऱ्याला पाण्यावर धाडणार नाही. आमचा बाप रेती काढायच्या होडीवर होता. एका भरतीला होडी उलटली आणि तो काल्हेरच्या बाजूला तिवरांत सापडला. तेव्हापासून आमच्या घरात खाडीचं नाव कुणी घेत नाही.

भावोजी तेव्हा ओट्यावर मांडी घालून बसले आणि म्हणाले, “पार्वते, आधी तुझी बाजू मी सांगतो.” आणि त्यांनी ती सांगितली. बाप कसा सकाळी भाकरी बांधून गेला, आई कशी तिवरांपर्यंत चिखलातून चालत गेली, ज्या घराची पाण्याला चव लागली ते घर पाणी विसरत नाही असं तुला वाटतं, आणि तसं वाटणं वेडेपणा नाही, सगळं. मीसुद्धा डोळे पुसले. बाय हुंदके देत म्हणाली, “कबूल.”

मग त्यांनी स्वतःची बाजू मांडली. तुझ्या बापाच्या होडीवर साधी शिट्टी नव्हती. आता जहाज कुठे आहे ते घरबसल्या मोबाइलवर दिसतं. वादळ दोन दिवस आधी कळतं. इंजिनला आग लागली तर ती विझवायची सोय जहाजातच असते. भीती खरी आहे, पण जुन्या पाण्याची आहे, नवं पाणी वेगळं आहे. कुणाल बापाकडे बघतच राहिला होता. बायला नियमाप्रमाणे ही बाजू परत मांडावी लागली. तिने अडखळत मांडली. आणि मग तिच्याकडे बोलायला काहीच उरलं नाही.

कुणाल गेला. भावोजींनी तिच्या मोबाइलमध्ये जहाज दाखवणारं अ‍ॅप घालून दिलं. निळ्या पाण्यावर एक हिरवा बाण. बाय तो देवपूजेआधी बघायची. “आज सरल चाललाय,” म्हणायची. एकदा बंदराबाहेर जहाज गोल गोल फिरत थांबलेलं होतं, तर मला ऑफिसात फोन करून म्हणाली, “चंद्रा, पोऱ्याला भोवल आली असंल रे.”

जहाजात गहू होता. कुठल्याशा देशातून कुठल्याशा देशात चालला होता. वाटेतल्या समुद्रात दोघा भलत्यांचंच युद्ध चालू होतं. एके दिवशी एक ड्रोन आला आणि इंजिनरूमच्या वर आदळला. तो कुणी सोडला यावर दोन देशांनी दोन निवेदनं काढली. जहाज दीड दिवस जळत तरंगलं आणि बुडालं. बरीचशी माणसं एका परदेशी मच्छीमार नावेने उचलली. काहींची प्रेतं मिळाली. दोघे मिळाले नाहीत. कंपनीच्या माणसाने कुणालच्या नावापुढे बेपत्ता हा शब्द लावला.

त्या एका शब्दाने माझी बहीण तगली.

भावोजी मात्र जॉबर माणूस. मशीन बिघडली की का बिघडली हे कळेपर्यंत त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. वाचलेल्या माणसांपैकी एक पोरगा रत्नागिरीकडचा होता. त्याचा नंबर मिळवून ते त्याच्याशी बोलले. नंतर आमच्या घरामागच्या पडवीत बसून त्यांनी मला सांगितलं. बायला सांगू नकोस म्हणाले.

“आग इझवायला गॅस सोडतात, चंद्रा. त्याआधी दारं बंद करतात, हवा बंद करतात. मानसं मोजायची असतात पहिली. त्या गडबडीत मोजली, पन चुकली. धूर होता. कुनाल बाहेर आला असं कुनाला तरी वाटलं.”

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

“सिस्टीम बरोबर चालली,” ते म्हणाले. “आग इझली पन होती थोडा टाइम.”

त्यानंतर भावोजी नाक्यावर यायचे बंद झाले. घरातच बसत. टीव्हीवर युद्धाच्या बातम्या लागल्या की बघत राहायचे, पण पूर्वीसारखं मध्येच “हे अर्धवट हाय” असं ओरडायचे नाहीत. सरळ बघायचे, भिंतीकडे बघावं तसे. मी एकटा रिक्षेने परतायला लागलो. इतकी वर्षं ज्या वादाला शिव्या घातल्या तो आता मला हवाहवासा वाटायला लागला होता, हे सांगायला लाज वाटत नाही.

बायचं उलटं. ती बोलायला लागली. जहाज बुडालं तरी अ‍ॅपवर बाण दिसत होता, फक्त हिरव्याचा राखाडी झाला होता. “बुरला बोलतान, मंग बाण कशाला दिसतंय?” ती येणाऱ्या-जाणाऱ्याला मोबाइल दाखवायची. “ह्यांचीच मशीन हाय ही. मी न्हाय सांगत, मशीन सांगतंय.” भावोजी एकदा म्हणाले की ते शेवटचं ठिकाण असतं, मशीन तिथेच गोठते. बाय शांतपणे म्हणाली, “मंग हिरवा व्हता तवा पन तुमाना खोटाच बोलत आसंल.” त्यावर भावोजी उठून परसात गेले.

एका शुक्रवारी नमाज झाल्यावर इश्तियाक स्कूटर घेऊन गावात आला. कारखान्यातले माग बंद होते. युद्धामुळे सुताचा भाव कुठल्या कुठे गेला होता. त्याने ते सांगितलं नाही, मला नाक्यावर कळलं होतं. ओट्यावर भावोजींसमोर तो बसला.

“जितलास तू,” भावोजी म्हणाले. “कुनाचा हात थरथरला नाय.”

“ऐसे कैसे जीता? अपने में ऐसे कोई जीतता है क्या?” इश्तियाकचा आवाज चिरकला. “पहले मेरी बाजू बोल. फिर अपनी बोल. काहीतरी बोल रे.”

“माझी मला आठवत नाय. खरंच नाय आठवत. बसतो आठवायला, तर नुसता धूर येतो.”

इश्तियाकने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, “तो मैं बोलता हूँ. काळूभाई का कहना है...” आणि आयुष्यभर ज्या बाजूशी भांडला तीच तो मांडायला लागला. म्हणाला, काळूभाई म्हणतो, बटण एकाने दाबलं, पण नाव कितीजणांनी वळवली? त्या मच्छीमारांना काय पडलं होतं? त्यांच्याकडे पुरेसं तेल नव्हतं, वरून पुन्हा काही पडेल याची भीती होती, उचलायची माणसं ना त्यांच्या देशाची ना धर्माची. तरी नाव वळवली. काळूभाई म्हणतो, मारणाऱ्याची खबर येते, वाचवणाऱ्याची येत नाही, म्हणून आपला हिशोब चुकतो. काळूभाई म्हणतो, ज्या अकलेने ड्रोन केला त्याच अकलेने देवीचा रोग संपवला, तर अकलेला फाशी देऊन काय मिळणार? तिला वाढायला वेळ द्या. काळूभाई म्हणतो, माणूस अजून पोरगा आहे, हाताला लागेल ते फेकतो, पण पोरगा मोठा होतो.

तिथे तो थांबला. ‘पोरगा मोठा होतो’ हे त्याच्या तोंडून निघून गेलं होतं. त्याने टोपी तोंडावर धरली आणि रडायला लागला.

भावोजी त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिले. “माझ्यापेक्षा चांगली मांडलीस. बाजू बरोबर हाय, इश्तियाक. तिच्या मागं उभा राहनारा मानूस ऱ्हायला नाय.”

कबूल काही ते म्हणाले नाहीत. इश्तियाकला मी स्कूटरपर्यंत सोडायला गेलो. “आज मैं हारना चाहता था, चंद्रा,” तो म्हणाला. “उसने हराया नहीं.”

दिवस असेच चालले असते. पण गावात माणूस आपल्या दुःखाचाही एकटा मालक नसतो, त्यात भाऊकीचा वाटा असतो. भावोजींच्या चुलतभावाच्या मुलाचं, भाविकचं लग्न ठरलं. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठी. भाऊकीतले वडीलधारे विठूआबा भाविकच्या बापाला घेऊन काठी टेकत आले. मला त्यांचा राग आला होता, पण म्हाताऱ्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

“काळू, मांडव घालाचा हाय. पोऱ्या हाय का न्हाय ता एकदाचा ठरव. न्हाय आसंल तर पानांचा मानूस करून त्याला आग्नी देऊ, दिवस घालू, सुतक फेरू, मंग हलद लावू. हाय आसंल तर पार्वतीनी हाताना हिरवा चुरा भरून मांडवात यावा. आर्धा आर्धा चालत न्हाय. हलदीच्या दिवशी खबर आली तर नवऱ्याच्या आंगावर सुतक परंल.”

प्रेत मिळालं नाही तर पळसाच्या पानांचा, दर्भाचा माणूस करायचा आणि तो जाळायचा, अशी आपल्याकडे पद्धत आहे. भावोजी एरवी असल्या गोष्टींना हसायचे. त्या दिवशी मान खाली घालून म्हणाले, “करू.”

आतल्या दारातून बाय बाहेर आली. पदर खोचलेला, हाताला पीठ. “कोन करंल? मना इचारला?”

“पार्वते, बस,” भावोजी म्हणाले. “बोलू आपण.”

“बोलू ना. तुमच्या कायद्यानी बोलू. पहिली माझी बाजू सांगा.”

ओट्यावर विठूआबा होते, भाविकचा बाप होता, मी होतो. भावोजींनी आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग सुरुवात केली.

त्यांनी काहीही कमी केलं नाही. माझी बायको म्हणते, दोघं मिळाले नाहीत, म्हणजे मेले असं कुणी पाहिलेलं नाही. लाइफ जॅकेट घालून माणूस तरंगतो. ज्या समुद्रात एक नाव आली त्यात दुसरीही येऊ शकते. युद्धाच्या मुलखात माणसं धरून ठेवतात, नावंसुद्धा सांगत नाहीत, वर्षांनी सोडतात. डोक्याला मार लागला तर माणूस आपलं गाव विसरतो. ती म्हणते, बापाचं प्रेत तिवरांत मिळालं तेव्हा आईने कुंकू पुसलं. प्रेत नाही तर पुसायचं का? ती म्हणते, आज मी त्याला जाळलं आणि उद्या तो दारात आला, तर त्याला कुठल्या तोंडाने आत घेऊ?

विठूआबासुद्धा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते.

“कबूल?” भावोजींनी विचारलं.

“न्हाय,” बाय म्हणाली. “आजून न्हाय झाली. परत सांगा.”

त्यांनी परत सांगितली. या वेळी बेटांचं सांगितलं, परदेशी इस्पितळांचं सांगितलं, एक माणूस किती तरी दिवस फळकुटावर जगला होता ते सांगितलं. ते सांगताना त्यांचा आवाज चढत गेला, आणि मला वाटायला लागलं की हा माणूस आता स्वतःच विश्वास ठेवणार. बायचे डोळे चमकत होते. ती पुढे सरकून ऐकत होती, लहान मूल गोष्ट ऐकतं तशी.

“कबूल?”

“न्हाय.”

“आता काय ऱ्हायलं, बाय?” मी न राहवून मध्ये पडलो. “सगळं तर बोलले ते. किती छळशील त्यांना?”

“तू गप ऱ्हा, चंद्रा.” ती माझ्याकडे वळली. “मी एकदा कबूल बोलली व्हती, ह्याच ओट्यावर. ह्यांनी माझी बाजू माझ्याकून चांगली मांडली, माझा मन भरला, मी कबूल बोलली. आनि मंग ह्यांनी ती मोरली. पोऱ्या गेला. आता मी कबूल न्हाय बोलनार. मी कबूल न्हाय बोलली तवर ह्यांना त्यांची बाजू सांगता येत न्हाय. ह्यांनी सांगितली न्हाय तवर माझा पोऱ्या मेला न्हाय. सांगा, परत सांगा. रोज सांगा.”

रस्त्यावरून पूर्णा गावच्या गोदामांकडे जाणारा कंटेनर गेला, ओटा हादरला. भावोजींनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं. शब्द आले नाहीत. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. हात वर केला, बोटं उघडली, मिटली. मुका माणूस बोलू बघतो तसा काहीतरी आवाज त्या जन्मभर बोललेल्या माणसाच्या घशातून आला. मी जन्मात इतकं वाईट काही पाहिलेलं नाही.

बायनेही ते पाहिलं. तिचा चेहरा हळूहळू उतरला. हाताचं पीठ तिने पदराला पुसलं आणि त्यांच्यासमोर खाली, जमिनीवर बसली.

“ऱ्हाव द्या,” ती म्हणाली. “तुमची बाजू मी सांगतंय.”

“पार्वते, नको.”

“तुमाना सांगवत न्हाय. मी सांगतंय. कोनी मना सांगितला न्हाय. पन तुमी रातचे झोपंत भिताडावर हात मारतान. दार उघरा, दार उघरा, मानसं परत मोजा, गॅस सोरू नका, बोलतान. मी रोज आयकतंय.” तिने एक श्वास घेतला. “माझा नवरा बोलतंय, आग लागली तवा पोऱ्या खाली व्हता. धूर झाला. वरच्यांनी मानसं मोजली, आनि मोजनारा चुकला. तो काय वैरी नव्हता, घाबरलेला पोऱ्याच व्हता कोनाचा तरी. त्यांनी दारा लावली आनि आग इझवाचा गॅस सोरला. कुनालनी दार ठोकला. इंजिनाच्या आवाजात, आगीच्या आवाजात कोनाला आयकू न्हाय आला. मंग ठोकाचा थांबला. मंग जहाज खाली गेला. आता तो जिथं हाय तिथना नाव येत न्हाय, कागूद येत न्हाय, कोन येत न्हाय.” ती एकदाही रडली नाही. “झाली बरोबर? बोला कबूल.”

सगळे भावोजींकडे बघत होते. इतकं सरळ, इतकं पूर्ण कुणी कुणाची बाजू मांडलेली मी त्या नाक्यावरही ऐकली नव्हती.

“नाय,” भावोजी म्हणाले.

विठूआबांनी मान वर केली.

“नाय कबूल. एक ऱ्हायलं.” ते तिच्याकडे झुकले. “त्याला शेवटपर्यंत वाटत असंल की दार उघडंल. तो घाबरला नसंल, पार्वते. धीर धरून उभा असंल. मीच त्याला सांगितलेलं ना, आता जहाजात सगळी सोय असते म्हनून. त्याला माझं खरं वाटलं असंल. ते घाल.”

बाय त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने त्यांचे दोन्ही हात धरले आणि हळूच, पाढा पुरा करावा तसं म्हणाली, “पोऱ्याला शेवटपरत वाटला दार उघरंल. बापानी सांगितला व्हता.”

“कबूल,” भावोजी म्हणाले.

नियमाप्रमाणे आता बायने तिची बाजू मांडायची होती. भावोजी वाट बघत बसले. आम्हीही बसलो. तिने तोंड उघडलंच नाही. थोड्या वेळाने तिने त्यांचे हात सोडले, मोबाइल उचलून कपाटात ठेवला आणि उरलेल्या भाकऱ्या थापायला आत गेली. विठूआबा काठी टेकत उठले आणि जाता जाता माझ्या कानाशी म्हणाले, “पलस बघ जा.”

पळस आता कुठे मिळणार? आमच्या बाजूची सगळी झाडं गोदामांच्या भरावाखाली गेली. मी मोटारसायकल घेऊन पूर्ण्यापर्यंत फिरलो. अखेर एका गोदामाच्या मागच्या भिंतीला लागून एक झाड दिसलं. फांदी वाकवून पानं तोडत होतो, तोच गेटवरचा सिक्युरिटीवाला आला. बिचारा गावाकडचा भला माणूस होता. पानं ओळखून हसला.

“पत्तल बनाओगे?”

“हाँ,” मी म्हटलं.

तो फांदी धरून मला मदत करायला लागला. “कितने आदमी का खाना है?”

“एक.”

त्याने माझ्या पोत्यात डोकावून बघितलं. पोतं गळ्यापर्यंत भरलं होतं आणि मी अजून तोडतच होतो.

“एक आदमी के लिए इतने पत्ते?”

“लंबा है,” मी म्हटलं.